जावा ऑटोमेशनचा टेस्ट रिपोर्ट लोकलमध्ये, फोनवर कळला पाहिजे: रिपोर्ट कसा बदलायचा आणि कसा पाठवायचा

रात्री दोनला रिग्रेशनचा (जुनं सगळं अजून नीट चालतंय का हे बघणाऱ्या टेस्टचा) रन सुटतो, पहाटे संपतो, आणि सकाळी विरारहून निघालेल्या चर्चगेट फास्टमध्ये एका हाताने वरची कडी धरून उभा असलेला आमचा लीड दुसऱ्या हातातल्या फोनवर तो रिपोर्ट उघडतो. अंधेरी यायच्या आत त्याला ठरवायचं असतं की आज बिल्ड (अ‍ॅपचं नवीन तयार व्हर्जन) पुढे जाणार का नाही. माझ्या मते रिपोर्टचा खरा वाचक हा असा असतो, ज्याने स्क्रिप्ट लिहिलेली नाही, ज्याच्याकडे कोड उघडा नाहीये आणि ज्याला दोन मिनिटांत उत्तर पाहिजे. मी बरीच वर्षं सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) आणि जावावर काम करतोय आणि रिपोर्टमध्ये काय ठेवू, काय काढू असा प्रश्न आला की मी या माणसाला डोळ्यासमोर आणतो, लगेच कळतं.

आधी फुकटात काय मिळतं ते बघा. टेस्टएनजी (जावाच्या टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क) वापरत असाल तर रन झाल्यावर टेस्ट-आउटपुट नावाच्या फोल्डरमध्ये इंडेक्स आणि इमेलेबल रिपोर्ट अशा दोन एचटीएमएल फाइली आपोआप येतात, मेव्हन या बिल्ड टूलने रन मारला तर त्याच गोष्टी टार्गेटच्या आत शुअरफायर-रिपोर्ट्समध्ये (शुअरफायर म्हणजे मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगिन) सापडतात, आणि तिथेच टेस्ट या शब्दाने सुरू होणाऱ्या एक्सएमएल फाइली पण असतात. या एक्सएमएल कधीच उडवू नका, दिसायला काही नाहीत पण जेनकिन्सचा (रन आपोआप सोडणाऱ्या सर्व्हरचा) ग्राफ त्याच्यावरच बनतो. आणि टेस्टएनजी-फेल्ड नावाची एक एक्सएमएल मिळते तिच्यात फक्त पडलेल्या टेस्ट असतात, सकाळी घाईत तेवढ्याच परत चालवायला फार कामाची आहे. पण हे सगळं आपल्यासाठी झालं, मॅनेजरला तो इमेलेबल रिपोर्ट दाखवला तर त्याला क्लासची लांबलचक नावं आणि स्टॅकट्रेस (एरर कोडमध्ये कुठून आली त्याची यादी) दिसतो, बाकी काही नाही.

म्हणून बहुतेक टीम एक्स्टेंट रिपोर्ट्स नावाची रिपोर्ट बनवणारी लायब्ररी लावतात. आता पाचवं व्हर्जन धरून बोलतोय, त्यात स्पार्क रिपोर्टर वापरायचा, जुन्या ट्युटोरियलमध्ये जो एचटीएमएल रिपोर्टर दिसतो तो या व्हर्जनमध्ये नाहीये, कोड कॉपी करून इम्पोर्ट लाल झाला की बरेच जण इथेच अडकतात. करायचं काय तर एक एक्स्टेंट रिपोर्ट्सचं ऑब्जेक्ट बनवायचं, त्याला स्पार्क रिपोर्टर अटॅच करायचा, प्रत्येक टेस्टला क्रिएट टेस्ट करायचं, पास-फेल लिहायचं आणि शेवटी फ्लश, म्हणजे सगळं फाइलमध्ये लिहून टाकायचं. फ्लश विसरलात तर फाइलच बनत नाही, आणि एरर पण येत नाही.

हे सगळं टेस्टच्या आत लिहू नका, टेस्टएनजीचा आय-टेस्ट-लिसनर इम्प्लिमेंट करून एक लिसनर क्लास बनवा, टेस्ट सुरू झाली, पास झाली, फेल झाली, स्किप झाली याच्या मेथड त्यात तयारच असतात. आता इथे एक चूक मी इतक्या प्रोजेक्टमध्ये बघितलीये की नीट सांगतो. लोक एक्स्टेंटचं ऑब्जेक्ट लिसनरच्या ऑन-स्टार्टमध्ये बनवतात आणि ऑन-फिनिशमध्ये फ्लश करतात, एका टेस्ट टॅगला हे मस्त चालतं, पण आय-टेस्ट-लिसनरच्या या दोन मेथड टेस्टएनजीच्या एक्सएमएलमधल्या प्रत्येक टेस्ट टॅगला एकदा चालतात. म्हणजे तुमच्या सूटमध्ये (टेस्टच्या पूर्ण संचात) लॉगिन, पेमेंट, स्टेटमेंट असे तीन टॅग असतील तर तीनदा नवीन ऑब्जेक्ट बनतं, तीच फाइल तीनदा लिहिली जाते आणि शेवटी रिपोर्टमध्ये फक्त स्टेटमेंटच्या टेस्ट उरतात. कोणी आकडे मोजले नाहीत तर महिनोन्महिने लक्षात येत नाही, सगळं हिरवं दिसतंय म्हणून सगळे खूश. त्यामुळे ऑब्जेक्ट एकच ठेवा, स्टॅटिक, आणि फ्लश आय-सूट-लिसनरच्या ऑन-फिनिशमध्ये टाका. आणि रिपोर्टमधला एकूण आकडा शुअरफायरच्या कन्सोलवरच्या टेस्ट्स रनच्या आकड्याशी एकदा तरी जुळवून बघा.

आता सजावट. डॉक्युमेंट टायटल, रिपोर्ट नेम, थीम, टाइमस्टॅम्पचा फॉरमॅट हे सगळं स्पार्कच्या कॉन्फिगमधून होतं, जावात लिहा नाहीतर जेसन किंवा एक्सएमएल फाइलमधून लोड करा, मी जेसन घेतो कारण टायटल बदलायला कोड बिल्ड करावा लागत नाही. स्वतःची सीएसएस पण टाकता येते, कंपनीचा रंग वगैरे. पण रंगापेक्षा सिस्टम इन्फोवर वेळ घालवा. त्यात बिल्ड नंबर, ब्रँच, एन्व्हायर्नमेंट, ब्राउझरचं व्हर्जन टाका, आणि हे हाताने लिहू नका, जेनकिन्सच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आणि ड्रायव्हरच्या कॅपॅबिलिटीजमधून उचला. हाताने लिहिलेलं एन्व्हायर्नमेंट चुकतंच कधीतरी, मग यूएटीचा (वापरणाऱ्यांनी तपासायच्या सर्व्हरचा) रिपोर्ट एसआयटीचा (सगळ्या सिस्टम जोडून तपासायच्या सर्व्हरचा) म्हणून फिरतो आणि दोन टीम अर्धा दिवस भांडत बसतात.

व्ह्यूची ऑर्डर पण बदलता येते, मी डॅशबोर्ड पहिला ठेवतो. आणि एक गोष्ट कमी लोक वापरतात, ती म्हणजे एकाच एक्स्टेंट ऑब्जेक्टला दोन स्पार्क रिपोर्टर अटॅच करणं. एकात सगळ्या टेस्ट, दुसऱ्याला स्टेटस फिल्टर लावून फक्त फेल. दोन फाइली बनतात, लीडला फेलवाली, ऑडिटसाठी पूर्ण. चारशे टेस्टमधून सहा पडलेल्या शोधायला फोनवर स्क्रोल करत बसणं, ते पण गर्दीत, कोणालाच नको असतं.

नावं. टेस्टचं नाव मेथडवरून घेऊ नका, टेस्ट अ‍ॅनोटेशनमधलं डिस्क्रिप्शन भरा आणि लिसनरमध्ये तेच क्रिएट टेस्टला द्या, जेयुनिट पाच असेल तर डिस्प्ले नेम आहेच. "चुकीचा ओटीपी तीनदा टाकल्यावर खातं लॉक होतं" हे वाक्य प्रॉडक्टवाल्या मॅडमना कळतं, व्हेरिफाय-ओटीपी-नेगेटिव्ह-झिरो-थ्री कळत नाही. तसंच असर्टमध्ये, म्हणजे टेस्ट जिथे अपेक्षित उत्तर तपासते तिथे, मेसेज द्या. नुसतं "एक्स्पेक्टेड ट्रू बट फाउंड फॉल्स" वाचून कोणाला काय समजणार, त्याऐवजी "पेमेंटनंतर बॅलन्स कमी झाला नाही" असं लिहिलंत तर डेव्हलपर फोनच करत नाही, सरळ कामाला लागतो. हे मराठीत लिहायचं की इंग्रजीत ते टीम बघून ठरवा, आमच्याकडे दोन्ही चालतं.

मराठीत लिहिलंत की मात्र देवनागरीची तीन दुखणी येतात, आणि ती कुठे एकत्र लिहिलेली सापडत नाहीत म्हणून इथे जरा थांबतो. पहिलं, रिपोर्टमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. जावाचं डिफॉल्ट एन्कोडिंग जेडीके 18 पासून यूटीएफ-8 झालं, त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टमवर ठरायचं, त्यामुळे 8 किंवा 11 वर विंडोज मशीनला हे हमखास होतं. मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-8 लिहा, शुअरफायरच्या आर्ग-लाइनमध्ये (टेस्ट चालवणाऱ्या जावाला द्यायच्या सेटिंगच्या ओळीत) फाइल-एन्कोडिंग यूटीएफ-8 द्या आणि स्पार्कच्या कॉन्फिगमध्ये पण. दुसरं, मजकूर बरोबर पण स्क्रीनशॉटमध्ये देवनागरीच्या जागी चौकोन, हे हेडलेस (स्क्रीन नसलेल्या) लिनक्सवर होतं कारण तिथे फॉन्टच नसतो, अ‍ॅपमध्ये काही बिघडलेलं नसतं. उबुंटू किंवा डेबियनच्या इमेजमध्ये लोहित देवनागरी किंवा नोटोचं पॅकेज टाकलं की सुटतं. याच्यावर माझा एकदा पूर्ण दिवस गेलाय, डेव्हलपरला बग लावून पण झाला होता.

तिसरं दुखणं भाषेचं नाही, वेळेचं आहे, पण त्याच आर्ग-लाइनमध्ये सुटतं म्हणून इथेच सांगतो. डॉकर कंटेनरमध्ये घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, म्हणजे आपण रात्री दोनला सोडलेला रन रिपोर्टमध्ये आदल्या दिवशी रात्री साडेआठचा दिसतो, आणि मग कोणीतरी म्हणतं हा कालचाच रिपोर्ट पाठवलाय. यूजर-टाइमझोनला एशिया-कोलकाता द्या. शुअरफायर टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) चालवतो म्हणून हे आर्ग-लाइनमध्येच पाहिजे, मेव्हनला दिलेलं तिथे पोचेलच असं नाही. आणि जाकोको (टेस्टने किती कोड चालवला ते मोजणारं टूल) लावलेलं असेल तर आधीची आर्ग-लाइन पुसू नका, अ‍ॅट चिन्ह आणि महिरपी कंसात जुनी आर्ग-लाइन लिहून तिच्या पुढे आपलं जोडा, नाहीतर कव्हरेज शून्य होतं आणि कारण कोणाला सुचत नाही.

टेस्ट फेल झाली की काय काय जोडायचं. माझी यादी अशी: त्या क्षणाचा स्क्रीनशॉट, पानाचा पत्ता, कुठला डेटा वापरला आणि एपीआयची टेस्ट असेल तर रिक्वेस्ट-रिस्पॉन्स. पूर्ण लॉग नको, तो वेगळा ठेवा. स्क्रीनशॉट फक्त फेलला घ्या, प्रत्येक स्टेपला घेतलात तर फाइल फुगते आणि फोनवर उघडतच नाही.

स्क्रीनशॉटचा पाथ ही अजून एक जुनी भानगड. आपल्या मशीनवर सी ड्राइव्हमधला पाथ दिलेला असतो, आपल्याला चित्र दिसतं, समोरच्याला तुटलेला आयकॉन. सोपा उपाय म्हणजे बेस-64, म्हणजे चित्र अक्षरांच्या एका लांब ओळीत बदलणं. सेलेनियमच्या टेक्स-स्क्रीनशॉटला आउटपुट टाइप बेस-64 द्या, जी स्ट्रिंग येते ती एक्स्टेंटच्या मीडिया एन्टिटी बिल्डरला द्या, चित्र एचटीएमएलच्या आतच बसतं, वेगळी फाइल सांभाळायला नको. पण बेस-64 मध्ये साइज एक तृतीयांश वाढते आणि सेलेनियम देतो पीएनजी, म्हणून पन्नास टेस्ट पडल्या तर रिपोर्ट सहज जड होतो. मी आधी बाइट्स घेतो, जावाच्या इमेज-आयओने रुंदी अर्धी करून जेपेग बनवतो आणि मग बेस-64 करतो. एक सांभाळा, पीएनजीमध्ये अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची माहिती) असेल तर ती इमेज आधी साध्या आरजीबी इमेजवर काढून घ्या, नाहीतर इमेज-आयओची राइट मेथड गुपचूप फॉल्स परत करते, चित्र लिहिलंच जात नाही आणि एक्सेप्शन पण येत नाही.

पॅरलल रन (एकाच वेळी अनेक टेस्ट) असेल तर एक्स्टेंट टेस्टचं ऑब्जेक्ट थ्रेड-लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडला वेगळी प्रत मिळते) ठेवा. साध्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवलंत तर पेमेंटच्या स्टेप लॉगिनच्या टेस्टखाली जाऊन बसतात आणि स्क्रीनशॉट भलत्याच टेस्टला लागतो, असा रिपोर्ट नसलेला बरा. टेस्ट संपली की रिमूव्ह पण करा, थ्रेड पूलमध्ये तोच थ्रेड परत वापरला जातो.

रिट्रायबद्दल माझं मत जरा कडक आहे. रिट्राय अ‍ॅनालायझर (पडलेली टेस्ट परत चालवणारा क्लास) लावला की टेस्टएनजी पहिला फसलेला प्रयत्न स्किप म्हणून दाखवतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये एकच टेस्ट दोनदा येते, एक स्किप एक पास. टेस्ट रिझल्टला वॉज-रिट्राइड विचारून तो स्किप ओळखता येतो आणि बरेच जण मग एक्स्टेंटमधून ती एन्ट्रीच काढून टाकतात. मी काढत नाही. मी तिला "दुसऱ्यांदा पास" अशी कॅटेगरी लावतो, कारण जी टेस्ट आज दुसऱ्यांदा पास झाली तीच पुढच्या महिन्यात रिलीजच्या रात्री पडते, आणि तेव्हा मागचे रिपोर्ट उघडून दाखवता आलं पाहिजे की ही कधीपासून डळमळतेय.

एक्स्टेंटऐवजी अल्युर नावाचं रिपोर्टचं टूल पण चांगलं आहे, स्टेप-स्टेपने बघायला तर जास्त चांगलं. त्यात असर्शन फसलं तर फेल्ड आणि दुसरं कुठलंही एक्सेप्शन आलं तर ब्रोकन असे दोन वेगळे रंग येतात, लाल म्हणजे अ‍ॅप बघा, पिवळा म्हणजे आधी स्क्रिप्ट बघा, ट्रायाजचं (कुठली चूक कोणी बघायची ते ठरवायचं) अर्धं काम इथेच होतं. कॅटेगरीज नावाच्या जेसनमध्ये मेसेजचा रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) देऊन आपले गट पण बनवता येतात, जसं टाइमआउटचे सगळे एकत्र. स्टेप अ‍ॅनोटेशन चालायला अ‍ॅस्पेक्टजेचा एजंट त्याच आर्ग-लाइनमध्ये लागतो, नाही दिला तर स्टेप दिसत नाहीत. ट्रेंडचा ग्राफ पाहिजे असेल तर नवीन रिपोर्ट बनवायच्या आधी मागच्या रिपोर्टमधलं हिस्टरी फोल्डर रिझल्ट्सच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, जेनकिन्सचं अल्युर प्लगिन हे स्वतः करतं. आणि अल्युरचा रिपोर्ट झिप करून पाठवला तर समोरचा इंडेक्सवर डबल क्लिक करतो आणि लोडिंग फिरतच राहतं, कारण ब्राउझर डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारच्या जेसन फाइली वाचू देत नाही. त्याला सर्व्हर लागतो, नाहीतर नवीन व्हर्जनमध्ये सिंगल-फाइल ऑप्शन आहे तो देऊन एकच एचटीएमएल बनवा.

आता पाठवणं. एका पावसाळ्यातली गोष्ट आहे, तेव्हाच्या कंपनीत रिपोर्ट एका मुलाच्या ऑफिसमधल्या मशीनवर शेअर्ड फोल्डरमध्ये बनायचा, कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, तो मुलगा घरी, मशीन रात्रीच्या अपडेटनंतर लॉगिन स्क्रीनवर अडकलेलं, आणि रिलीज त्याच दिवशी. रिपोर्ट होता पण कोणापर्यंत पोचत नव्हता, शेवटी आम्ही पूर्ण सूट परत चालवला. तेव्हापासून कुठल्याही टीममध्ये गेलो की माझा पहिला नियम, रिपोर्ट कोणाच्या मशीनवर राहणार नाही.

जेनकिन्स असेल तर पाइपलाइनच्या पोस्टमध्ये, ऑलवेजच्या आत, आधी जेयुनिट स्टेपने एक्सएमएल उचला आणि मग एचटीएमएल पब्लिशर प्लगिनने रिपोर्ट लावा. ऑलवेज महत्त्वाचं आहे, कारण टेस्ट पडली की मेव्हन फेल होतं, पुढच्या स्टेज चालत नाहीत, आणि नेमका पडलेल्या दिवसाचाच रिपोर्ट गायब. तरी रिपोर्ट उघडल्यावर तो उघडाबोडका दिसेल, रंग नाही, ग्राफ नाही, कारण जेनकिन्स सुरक्षेसाठी अशा पानांमधली स्क्रिप्ट आणि इनलाइन स्टाइल अडवतं. नेटवर सगळीकडे सापडतं की स्क्रिप्ट कन्सोलमध्ये जाऊन ती पॉलिसी रिकामी करा, ते करू नका, सगळ्या जॉबसाठी दार उघडं पडतं आणि रिस्टार्ट झालं की परत जैसे थे. जेनकिन्स 2.200 पासून रिसोर्स रूट यूआरएलची सेटिंग आहे, अ‍ॅडमिनला सांगून वेगळा डोमेन तिथे द्या, रिपोर्ट नीट दिसतो.

जेनकिन्समध्ये ठीक दिसतोय पण क्लायंटच्या नेटवर्कवर मात्र उघडाबोडका, असं असेल तर कारण वेगळं, स्पार्कचा रिपोर्ट त्याची सीएसएस बाहेरच्या सर्व्हरवरून आणतो आणि तिथे इंटरनेट बंद असतं. ऑफलाइन मोड चालू करा, मग त्या फाइली शेजारच्या फोल्डरमध्ये येतात, पण मग तो फोल्डर सोबत द्यायला विसरू नका.

मेलला पूर्ण रिपोर्ट जोडायचा नाद सोडा. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, आणि जेएस फाइल असलेलं झिप जीमेल घेतच नाही, म्हणजे ऑफलाइन मोडवालं फोल्डर तर अडकणारच. मेलच्या बॉडीत छोटं टेबल द्या, एकूण, पास, फेल, स्किप, खाली पडलेल्या टेस्टची नावं, प्रत्येकीसमोर एक ओळ कारण, आणि शेवटी लिंक. हे बनवायला टेस्टएनजीचा आय-रिपोर्टर इम्प्लिमेंट करा, सूट संपल्यावर त्याच्या जनरेट-रिपोर्ट मेथडला सगळे सूट मिळतात, प्रत्येकाच्या टेस्ट कॉन्टेक्स्टमधून पास आणि फेलचे रिझल्ट काढा आणि साधी एचटीएमएल लिहा. स्टाइल प्रत्येक टॅगमध्ये इनलाइन द्या, मेलची अ‍ॅप स्क्रिप्ट काढून टाकतात आणि वेगळ्या सीएसएसचा भरवसा नाही. ही फाइल जेनकिन्सच्या एक्स्टेंडेड इमेल प्लगिनने बॉडी म्हणून जाते. सब्जेक्टमध्येच आकडे टाका, "यूएटी, बिल्ड 214, 394 पास, 6 फेल", लीडला मेल उघडायची पण गरज पडत नाही.

स्लॅक किंवा टीम्सला वेबहुकने (चॅनेलवर बाहेरून मेसेज टाकायच्या वेब पत्त्याने) तेच चार आकडे पाठवता येतात, जावा 11 पासूनचा एचटीटीपी क्लायंट पुरतो, वेगळी लायब्ररी नको. वेबहुकचा पत्ता गिटमध्ये टाकू नका, जेनकिन्सच्या क्रेडेन्शियल्समध्ये ठेवा, तो ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या चॅनेलवर काहीही टाकू शकतो.

बाहेरच्या माणसाला द्यायचा असेल, म्हणजे क्लायंट वगैरे, तर मी एस-थ्रीवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजवर) ठेवून प्री-साइन्ड (ठरावीक वेळेपुरती चालणारी) लिंक देतो, जास्तीत जास्त सात दिवस चालते. पण ती लिंक सर्व्हरच्या तात्पुरत्या रोलने बनवलेली असेल तर तो रोल एक्स्पायर झाला की लिंक पण मेली, सात दिवस लिहिलेले असले तरी.

आणि लिंक बाहेर जायच्या आधी एक काम केल्याशिवाय मी कोणालाच रिपोर्ट देत नाही. स्क्रीनशॉटमध्ये आणि एपीआयच्या रिस्पॉन्समध्ये मोबाइल नंबर, पॅन, टोकन सगळं छापलेलं असतं, यूएटीला बऱ्याचदा खऱ्या गिऱ्हाइकांचाच डेटा कॉपी केलेला असतो, आणि रिपोर्ट एकदा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गेला की परत येत नाही. ही कोणाची तरी खरी माहिती आहे, 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा तर आहेच पण कायदा नसता तरी हे करायलाच पाहिजे होतं. मजकुरासाठी लिसनर आणि रिपोर्ट यांच्यामध्ये एकच मास्क करणारी मेथड ठेवा, सगळं लॉगिंग तिच्यातूनच जाऊ दे, दहा आकडी नंबर आणि पॅनचा रेजेक्स लावून मधले आकडे फुल्यांनी झाका, ऑथोरायझेशन हेडर तर पूर्णच काढा. स्क्रीनशॉटसाठी, चित्र घ्यायच्या आधी जावास्क्रिप्ट एक्झिक्युटरने त्या फील्डना ब्लरचा सीएसएस फिल्टर लावा, चित्र घेतलं की काढून टाका. कुठली फील्ड झाकायची त्याची यादी एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा आणि नवीन स्क्रीन आली की त्याच दिवशी त्यात भर घाला.